माळ्यावरच्या व्हिडिओ कॅसेट्स, त्यांची कव्हरं आणि ठाण्याचा पावसाळा

नौपाडा, पाचपाखाडी, वाशीचे जुने सेक्टर, सगळीकडे इमारती पुनर्विकासाला चालल्या आहेत. घर रिकामं करताना माळ्यावरून एक पुठ्ठ्याचं खोकं हमखास खाली येतं. आत लग्नाच्या दोन कॅसेट्स, मुंजीची एक आणि कुठलीशी व्हिडिओ लायब्ररी बंद होताना स्वस्तात उचललेल्या सिनेमांच्या पाच-दहा. कव्हरं पाहून घरातले हरखतात, फोटो काढतात, आणि मग खोकं तसंच नव्या भाड्याच्या घरात, बहुधा पलंगाखाली, जाऊन बसतं.

कव्हर आणि कॅसेट वेगवेगळ्या कारणांनी खराब होतात, त्यामुळे त्यांना वाचवायची रीतही एक नाही. त्यातही कव्हर टिकतं आणि फीत मरते. म्हणून वरून नवंकोरं दिसणारं खोकं आतून ठीकच असेल, असं धरून चालू नये.

गाळा, फळी आणि खोकं

जेव्हीसी कंपनीने व्हीएचएस, म्हणजे या कॅसेट्सची पद्धत, १९७६ साली जपानात आणलं. सोनीचं बीटामॅक्स त्याआधी वर्षभर, १९७५ मध्ये आलं होतं. आपल्याकडे गाडीने वेग घेतला तो १९८२ साली. त्या वर्षी रंगीत प्रसारण सुरू झालं, दिल्लीत एशियाड झालं आणि रंगीत टीव्हीबरोबर व्हीसीआरही, म्हणजे कॅसेट चालवणारं यंत्र, घराघरांत शिरू लागला. आखातात नोकरीला गेलेला माणूस सुट्टीवर येताना तो आणत असे. ज्यांच्याकडे नव्हता ते शनिवारी रात्रीपुरता टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेट्स असा सगळा संच भाड्याने आणत. वाशीत तेव्हा सिडकोचे सेक्टर नुकते वसत होते आणि खाडीवरचा रेल्वेपूल १९९२ मध्ये सुरू झाला. तोवर सिनेमासाठी मुंबई गाठणं ही मोहीमच होती. अशा वस्तीत तळमजल्याच्या गाळ्यात व्हिडिओ लायब्ररी चालली नसती तरच नवल.

आता तो गाळा दुकानदाराच्या नजरेने बघा. समजा दहा फूट भिंत आहे, म्हणजे साधारण तीन मीटर, आणि तिच्यावर सहा फळ्या. प्लास्टिकचा डबा ३० मिमी जाड आणि १२० मिमी रुंद धरा. डबे पुस्तकांसारखे उभे, कणा बाहेर करून लावले, तर एका फळीवर शंभर बसतात आणि भिंतीवर सहाशे. तोंड बाहेर करून लावले, तर फळीवर पंचवीस आणि भिंतीवर दीडशे. कॅसेटच्या कव्हरची सगळी रचना या दोन आकड्यांच्या ओढाताणीतून आलेली आहे.

नव्या सिनेमांची तोंडं बाहेर असत, म्हणून दर्शनी बाजूवर चेहरे मोठे, नाव त्याहून मोठं आणि बाकी मजकूर जवळजवळ नाहीच. जुना माल कण्यावर जाई, म्हणून कण्यावर सिनेमाचं नाव, एखाद्या ताऱ्याचा टपालाच्या तिकिटाएवढा चेहरा आणि कंपनीचं चिन्ह. तेवढ्यात चार-पाच फुटांवरून ओळख पटली पाहिजे. कण्यावर नाव आडवं करून का छापतात, तर सत्तावीस-तीस मिमीच्या पट्टीत अक्षरं एकाखाली एक रचली की रोमन लिपी कशीबशी वाचता येते, देवनागरीचं मात्र मातेरं होतं. शिरोरेषा तुटते, वेलांट्या लोंबकळतात आणि जोडाक्षर कुठे तोडायचं हा प्रश्न उरतोच. हल्ली 'रेट्रो' म्हणून केलेल्या मराठी कव्हरांवर ही चूक सर्रास दिसते.

बऱ्याच लायब्रऱ्यांत फळीवरचा डबा रिकामाच असे. खरी कॅसेट काउंटरमागे साध्या डब्यात, कण्यावर स्केचपेनने घातलेल्या नंबराखाली. दर्शनी कव्हरावर तोच नंबर चिकटवलेला. कव्हर घेऊन काउंटरवर जायचं, नंबर रजिस्टरमध्ये चढायचा, अनामत आधीच जमा असे, आणि कॅसेट प्लास्टिकच्या पिशवीत घालून मिळे. यात चोरी टळे आणि कव्हर महिनोन्‌महिने दुकानातच राही. उन्हात राहिल्याचा मार मात्र त्याला बसे. चार रंगांच्या छपाईत उजेडाने आधी पिवळा आणि मजेंटा उडतो, निळसर सायन आणि काळा मागे राहतात. पश्चिमेच्या काचेतल्या कव्हरांवर नायक-नायिका निळ्या पडलेल्या दिसायच्या त्या यामुळे. माळ्यावरच्या अंधारात राहिलेलं कव्हर म्हणूनच अजून लालभडक असतं.

अमेरिकेत सर्वाधिक चाले ते पुठ्ठ्याचं सरकतं खोकं, एका टोकाने उघडं. आपल्याकडे आणि युरोपात पुस्तकासारखा उघडणारा प्लास्टिकचा डबा अधिक रुळला. त्याच्या बाहेर पारदर्शक खिसा आणि खिशात छापील कागद. ठाण्यासारख्या ठिकाणी हे शहाणपणाचं होतं. जुलैत स्कूटरच्या डिकीतून चार घरं फिरलेल्या पुठ्ठ्याचे कोपरे महिन्याभरात फुगले असते. शिवाय कव्हर फाटलं तर कागद बदलायचा, डबा तोच.

पुढे डीव्हीडी आली. तिची तबकडी फक्त १२० मिमीची, तरी डबा मात्र १९० मिमी उंच ठेवला, व्हीएचएसच्याच फळ्यांवर बसावा म्हणून. दुकानाच्या सुतारकामाने नव्या तंत्राचा आकार ठरवला!

मागच्या बाजूवर काय छापलं आहे

जुनं कव्हर हातात आलं की आधी मागची बाजू वाचावी. कॉपीराइट कायद्यात १९८४ साली दुरुस्ती होऊन कलम ५२अ आलं. त्यानुसार व्हिडिओवर आणि त्याच्या खोक्यावर तीन गोष्टी दाखवणं सक्तीचं झालं: सिनेमाला प्रमाणपत्र लागत असेल तर सेन्सॉर प्रमाणपत्राची प्रत, व्हिडिओ तयार करणाऱ्याचं नाव-पत्ता व हक्कदाराची परवानगी घेतल्याची त्याची घोषणा, आणि हक्कदाराचं नाव-पत्ता. कव्हरच्या मागे बारीक अक्षरांचा जो ठोकळा असतो तो हा. कॅसेट लावल्यावर सिनेमा सुरू होण्याआधी टीव्हीवर प्रमाणपत्र येतं तेही याच कलमामुळे. हा ठोकळा नसेल, कव्हर रंगीत झेरॉक्ससारखं असेल आणि कॅसेटवर नाव पेनने लिहिलेलं असेल, तर ती नक्कल आहे असं बिनधास्त समजा. चित्रही तसंच निघेल. व्हीएचएसला मुळात आडवे जेमतेम २४० रेषांचे बारकावे मिळतात. नकलेची नक्कल झाली की आधी लाल रंग कडेने पसरतो आणि मग चेहऱ्याच्या कडा विरघळतात.

कॅसेटच्या पोटात

कॅसेट साधारण १८८ मिमी लांब, १०४ रुंद आणि २५ जाड असते. फीत अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिमी रुंद. पॉलिएस्टरच्या पातळ पट्टीवर चुंबकीय लोहकणांचा थर, आणि ते कण धरून ठेवणारा डिंकासारखा बाइंडर. सगळी दुखणी या बाइंडरपाशी येऊन थांबतात. हवेतल्या बाष्पाने तो हळूहळू तुटतो, मऊ पडतो आणि मग लोहकण यंत्राच्या हेडला, म्हणजे फीत वाचणाऱ्या टोकाला, चिकटून येतात.

आपल्याकडच्या पाल या टीव्ही पद्धतीत फीत सेकंदाला फक्त २.३३९ सेंटिमीटर सरकते. एवढ्या संथ फितीवर चित्र कसं मावतं? व्हीसीआर कॅसेटमधून फीत बाहेर ओढून ६२ मिमी व्यासाच्या तिरक्या ढोलकीला अर्धा वेढा घालतो. ती ढोलकी, म्हणजे ड्रम, सेकंदाला २५ फेरे घेते. तिच्यावरचे दोन हेड फितीवर तिरक्या रेघा मारत जातात. एकेक रेघ सुमारे दहा सेंटिमीटर लांब आणि एका मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढी रुंद. सेकंदाला अशा पन्नास. तीन तासांत पाच लाख चाळीस हजार. फीत मिलिमीटरभर दुमडली तरी त्या जागेतून जाणाऱ्या सगळ्या रेघा जायबंदी होतात. पडद्यावर वर सरकणारी पांढरी पट्टी दिसते ती हीच जखम.

कॅसेटवर लिहिलेलं ई-१८० म्हणजे पालमध्ये १८० मिनिटं. त्यात फीत अडीचशे मीटरहून थोडी जास्त. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी आणलेली टी-१२० तिकडे दोन तास चालते, तीच आपल्या व्हीसीआरमध्ये सुमारे १७५ मिनिटं, कारण तिकडच्या यंत्रात फीत जोरात पळते. लग्नाचं शूटिंग ई-२४० वर असेल तर अधिक जपा. चार तास बसवायला फीत पातळ केलेली असते आणि ती लवकर दुमडते.

'रिवाइंड करून परत द्या' ही दुकानातली पाटी शिस्तीपुरती नव्हती. मध्येच थांबवून काढलेल्या कॅसेटमध्ये फीत दोन चाकांत विभागलेली राहते, गुंडाळीचा ताण असमान होतो आणि सैल वेढे कडेने वर येतात. पाच-दहा वर्षं तसंच राहिलं की त्या कडा वाकतात. फितीच्या खालच्या कडेला यंत्राला फितीची चाल सांगणारा कंट्रोल ट्रॅक असतो, वरच्या कडेला साधा आवाज. खालची कड वाकली की चित्र उड्या मारतं, वरची वाकली की आवाज बसतो.

पावसाळा आणि बुरशी

कॅसेटच्या खिडकीतून आत बघा. गुंडाळलेली फीत काळी-तपकिरी आणि काचेसारखी गुळगुळीत दिसली तर उत्तम. कडेवर पांढरी भुकटी, जाळीदार ठिपके किंवा चुना उडाल्यासारखे डाग दिसले तर ती बुरशी. मेकॅनिक लोक तिला 'फंगस' म्हणतात. हवेतली आर्द्रता सतत ६५-७० टक्क्यांवर राहिली की ती वाढते आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर ती ऐंशीच्या आसपास असते. खाडीकाठचं घर असेल तर बोलायलाच नको.

बुरशी लागलेली कॅसेट 'फक्त एकदा बघू' म्हणून व्हीसीआरमध्ये घालू नका. बीजकण हेडवर आणि रुळांवर बसतात आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागतात. शिवाय वेढे एकमेकांना चिकटलेले असतील तर फीत तिथेच तुटते.

बुरशी साफ करायचं काम दिवाळीनंतर काढावं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा कोरडी असते. आधी दहा लिटरचा हवाबंद डबा घ्या, त्यात जास्तीत जास्त दहा कॅसेट्स उभ्या ठेवा आणि पाव किलो सिलिका जेल कापडी पुरचुंड्यांत घाला. ओल शोषल्यावर रंग बदलणारे नारिंगी दाणे घेतले तर कधी बदलायचे ते कळतं. छोटा आर्द्रतामापक आत ठेवा. काटा ३५ ते ४० टक्क्यांवर स्थिरावू द्या आणि मग दोन-तीन आठवडे थांबा. ओली बुरशी पुसली की सारवल्यासारखी पसरते, वाळलेली झटकली जाते. उन्हात वाळवणं, हेअर ड्रायर, ओव्हन हे सगळं वर्ज्य. उष्णतेने कॅसेटचं प्लास्टिक वाकतं आणि गुंडाळी आक्रसून कायमची बिघडते.

झटकण्याचं काम गॅलरीत, एन-९५ मास्क आणि हातमोजे घालून करा. दमेकऱ्याने यात पडू नये.

कॅसेट उघडायची तर

पाच स्क्रू असतात, पाचही खालच्या बाजूला, चौफुली तोंडाचे. कण्यावरचं लेबल दोन्ही अर्ध्यांवर चिकटलेलं असतं. ते सांध्यावरून ब्लेडने चिरा, नाहीतर उघडताना वाटेल तसं फाटेल. स्क्रू काढल्यावर दोन्ही अर्धे दाबून धरूनच कॅसेट सुलटी करा आणि मग वरचा अर्धा सरळ वर उचला. उलटी असतानाच उघडली तर चाकं, रूळ आणि स्प्रिंगा मांडीवर. उघडल्याबरोबर वरून फोटो काढा. पुढचं झाकण दूरच्या बाजूला धरलं की डावं चाक म्हणजे सुरुवात. पूर्ण रिवाइंड झालेल्या कॅसेटमध्ये सगळी फीत डावीकडे असते. तिथून ती कोपऱ्यातल्या रुळावरून पुढच्या काठाने उजव्या चाकाकडे जाते. चाकांच्या मागे दोन छोटे ब्रेक असतात. त्यांच्या स्प्रिंगा केसाएवढ्या बारीक आणि उडण्यात पटाईत.

फितीच्या कडेवरची वाळलेली बुरशी मऊ ब्रशने गुंडाळीवरूनच झटका. मग कोरडं मायक्रोफायबर कापड बोटांत हलकं धरून त्यातून फीत सावकाश एका चाकावरून दुसऱ्यावर घ्या आणि दर काही मीटरला कापडाची जागा बदला. आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरायचंच असेल तर ९९ टक्क्यांचं, तेही फक्त आतल्या, लोहकण नसलेल्या बाजूला. लोहकणांच्या बाजूला कोरडं कापड पुरे. आत बुरशी धरलेलं जुनं कवच फेकून द्या आणि चाकं दुसऱ्या, स्वच्छ कॅसेटच्या कवचात बसवा. त्यासाठी एखादी बिनकामाची कॅसेट बळी द्यावी लागते. स्क्रू आवळताना कवच चरचरलं तर थांबा, एखादा रूळ जागेवर बसलेला नाही.

फीत तुटलेली असेल तर साधी सेलोटेप कधीही लावू नका. तिचा डिंक सुटून हेडवर येतो आणि हेड बाद होतो. व्हिडिओसाठी मिळणारी पातळ जोडपट्टी फक्त आतल्या, लोहकण नसलेल्या बाजूने, काठाच्या आत कापून लावायची. जोड हेडवरून शक्यतो एकदाच जाऊ द्यायचा.

यंत्र

फुनाई या जपानी कंपनीने २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं, तेव्हा व्हीसीआर बनवणारं जगात कुणीच उरलं नाही. म्हणजे आज जे मिळेल ते जुनंच. घेताना स्वतःची एक टाकाऊ कॅसेट सोबत न्या आणि चार गोष्टी बघा: कॅसेट आत-बाहेर अडखळल्याविना होते का, रिवाइंड शेवटपर्यंत जातं का, चित्र पाच मिनिटं स्थिर राहतं का, आणि बाहेर काढल्यावर फितीची कड मुडपलेली आहे का. कड मुडपणारं यंत्र फुकट मिळालं तरी घेऊ नये.

हेड साफ करायला कापूस वापरू नका, तंतू हेडच्या टोकाला अडकून ते मोडतं. साध्या कोऱ्या कागदाची पट्टी ९९ टक्के अल्कोहोलने ओली करायची, ढोलकीवर टेकवून स्थिर धरायची आणि दुसऱ्या हाताने ढोलकी वरून धरून फिरवायची. कागद वर-खाली घासायचा नाही, हीच चूक सगळ्यात महाग पडते. रबरी रूळ मात्र अल्कोहोलने सुकून तडकतो, त्याला साबणाच्या पाण्याचा ओला फडका. दहा-पंधरा मिनिटं वाळू द्या आणि मगच कॅसेट घाला. एसीच्या खोलीतून यंत्र दमट हॉलमध्ये आणलं तर तासभर तरी चालू करू नका. ढोलकीवर दव धरतं, फीत तिला चिकटते आणि पुढे काय होतं ते त्या यंत्राच्या जुन्या मालकांना विचारा.

चित्र संगणकात घेताना

कॅसेट आधी पूर्ण पुढे, मग पूर्ण मागे करा, म्हणजे गुंडाळीचा ताण सारखा होतो. पाठीमागची लेखन-संरक्षणाची छोटी पट्टी तोडली नसेल तर तोडा. चुकून रेकॉर्डचं बटण दबलं तर लग्नावर दूरदर्शन नाहीतर नुसती मुंग्यांची झिम्मड चढायची.

पिवळी वायर चित्राची, पांढरी-लाल आवाजाची. कॅप्चरची सेटिंग पाल, ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ चौकटी, इंटरलेस्ड. चित्र कृष्णधवल येऊन लोळत असेल तर सेटिंग एनटीएससीवर, म्हणजे अमेरिकेतल्या पद्धतीवर, राहिलंय. सगळ्यांना छळणारी तक्रार दुसरीच असते: अर्ध्या तासानंतर ओठ आणि आवाज जुळत नाहीत. जुन्या फितीवरून येणाऱ्या चौकटी घड्याळाबरहुकूम येत नाहीत, एखादी लवकर, एखादी उशिरा. स्वस्तातला यूएसबी डोंगल अशा चौकटी सोडून देतो, आवाज मात्र अखंड घेतो. मग दोघांत अंतर पडत जातं. उपाय म्हणजे मध्ये चौकटींची वेळ सरळ करणारं यंत्र, टाइम बेस करेक्टर, किंवा तो परवडत नसेल तर असा डीव्हीडी रेकॉर्डर, ज्यातून चित्र नुसतं पार करून घेता येतं. काही रेकॉर्डर हे काम बऱ्यापैकी करतात.

जागा किती लागेल? डीव्ही पद्धतीत तासाला सुमारे १३ जीबी, ८ एमबीपीएसच्या एच.२६४ मध्ये साडेतीन जीबी. तीन तासांच्या लग्नाला चाळीस जीबी मोठे वाटतात, पण मूळ प्रत तीच ठेवा आणि व्हॉट्सअॅपसाठी वेगळी बारीक करा. उलट केलं की परत फिरता येत नाही. चित्राच्या तळाशी आठ-दहा ओळी वळवळताना दिसतात, तिथे एका हेडवरून दुसऱ्यावर बदल होतो. तो दोष नाही, मूळ प्रतीत कापू नका.

सिनेमाच्या विकत मिळालेल्या काही कॅसेट्स घेताना चित्र आलटून पालटून उजळ-काळोखं होतं. ते नक्कलविरोधी कुलूप आहे, यंत्र बिघडलेलं नाही. भारतात सिनेमाचा हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षं राहतो, तेव्हा त्या काळातले बहुतेक सिनेमे अजून कुणाच्या तरी मालकीचे आहेत. तसेही ते याहून स्वच्छ रूपात मिळतात. वेळ आणि फीत घरच्या कॅसेट्सवर खर्च करा, त्यांची दुसरी प्रत जगात कुठेच नाही.

कव्हर वाचवायचं कसं

सिनेमांच्या कॅसेट्समधलं जपण्यासारखं बहुधा कव्हरच असतं. खिशातला कागद ओढून काढण्याआधी कोपरा हळूच हलवून बघा. दमटपणामुळे शाई प्लास्टिकला चिकटलेली असते आणि ओढली की नायकाचा गाल प्लास्टिकवर राहतो. चिकटलेलं असेल तर खिशासकट स्कॅन करा, नाहीतर खिसाच कडेने कापून उघडा. डबा दुसरा मिळेल.

स्कॅन ६०० डीपीआयला. जुनी ऑफसेट छपाई म्हणजे चार रंगांच्या ठिपक्यांची जाळी. कमी डीपीआयला ती जाळी आणि स्कॅनरची जाळी एकमेकींवर येऊन चट्ट्यापट्ट्या उमटतात. ६०० ला घेऊन मग ३०० वर आणलं की त्या जातात. मूळ कागद पीव्हीसीच्या फोल्डरमध्ये नको, पॉलिप्रॉपिलीनच्या पाकिटात ठेवा आणि कपाटात कसर नाही ना ते बघा. तिला जुना कागद आणि खळ दोन्ही आवडतात.

त्या धाटणीचं नवं खोकं करायचं असेल तर

आधी एक कुरकुर. कव्हरवर आडव्या रेघा, रंग फाटल्याचा परिणाम, जांभळ्या आकाशात निऑनची जाळी, असं करून 'व्हीएचएस लूक' म्हणतात. त्या रेघा पडद्यावर असत, कागदावर कधीच नव्हत्या. आणि जांभळं आकाश ठाण्याच्या गोखले रोडवरच्या कुठल्याही फळीवर नव्हतं. आपली कव्हरं म्हणजे कात्रीने कापलेले चेहरे एकमेकांना खेटून, हाताने काढलेलं जाड छायेचं पिवळं-लाल नाव, कोपऱ्यात गोळीबार, मागे चार स्टिल्स आणि एखादा रबरी शिक्का. संगणकावरची जुळणी येईपर्यंत हे सगळं पुठ्ठ्यावर चिकटवून, फिल्म काढून, चार प्लेटांवर छापलं जाई. प्लेट अर्धा मिलिमीटर सरकली की ओठांची लाली ओठांबाहेर जाई. जुनेपणा आणायचाच तर असा आणा: मजेंटाचा थर ०.२ ते ०.३ मिमी सरकवा, त्याहून जास्त केलं की विनोद होतो.

पुठ्ठ्याच्या सरकत्या खोक्याची मापं अशी. कॅसेटला दोन-दोन मिमी सैल जागा धरून आतली पोकळी १९० बाय १०६ बाय २७. डावीकडून चिकटपट्टी १२, मागची बाजू १०६, कणा २७, दर्शनी बाजू १०६ आणि दुसरी कड २६.५, कारण जाडीमुळे शेवटची बाजू अर्ध्या मिमीने मोठी ठरून फुगते. एकूण रुंदी २७७.५ मिमी. उंची १९०, तळाच्या झाकणाला २७ आणि आत खोचायच्या जिभेला १२, म्हणजे २२९. एफोरवर हे बसत नाही, कारण त्याची रुंदी २१० आहे. तेरा बाय एकोणीस इंची डिजिटल शीटवर मात्र दोन बसतात, काठोकाठ. उघड्या तोंडाकडे ३ मिमी छपाई जादा सोडा.

कागद ३०० जीएसएम आर्ट कार्ड. कागदाचे तंतू १९० मिमीच्या बाजूला समांतर हवेत, नाहीतर उभ्या घड्या तडकून पांढऱ्या पडतात. प्रिंटरला 'आधी लॅमिनेशन, मग क्रीझिंग (घडीच्या रेघा दाबून घेणं)' असं स्पष्ट सांगा. क्रीझिंगविना हाताने घडी घातली की टोनर सुटतोच. आणि चिकटपट्टीच्या वरचं लॅमिनेशन ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून खरबरीत करा. गुळगुळीत लॅमिनेशनवर फेव्हिकॉल धरत नाही, सकाळी चिकटवलेलं खोकं संध्याकाळी उमलतं. घासून, पातळ थर लावून, आत जुनी बाद कॅसेट सरकवून त्यावर रात्रभर दोन जाड पुस्तकं ठेवा. चांगली कॅसेट आत घालायची घाई करू नका, फेव्हिकॉलची ओल वाळायला दोन दिवस लागतात.